शंभरचा की दोनशेचा

पावसाचं माप घ्यायची वेळ सकाळी साडेआठची, आणि नेमकं त्याच वेळी घरातल्या प्रत्येकाचं तिच्यावाचून अडायचं. सासूला कढत पाणी हवं, नवऱ्याचा डबा भरायचा राहिलेला, शेळीनं दोरीचा गुंता केलेला. साडेआठला मला हाक मारू नका, असं तिनं कितीदा तरी बजावलं होतं. सासू म्हणायची, बरं बाई. आणि साडेआठला हाक मारायची.

घरामागे तारेच्या कुंपणात ते भांडं बसवलेलं होतं. वर पितळी काठाचं नरसाळं, खाली बाटली. बाटलीतलं पाणी मापाच्या काचेच्या ग्लासात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेत आणून आकडा वाचायचा आणि नोंदवहीत लिहायचा. सासऱ्यांनी हे काम बत्तीस वर्षं केलं. ते गेल्यावर तालुक्याच्या कचेरीतल्या माणसानं विचारलं, घरात अक्षर कुणाचं चांगलं? सासूनं नाइलाजानं सुनेकडे बोट दाखवलं. तेव्हापासून गाव तिला मापवाली म्हणायला लागलं. वहीत तारीख, पाऊस आणि शेरा असे तीन रकाने होते. गारा पडल्या की सासरे शेऱ्यात एक लहान गोल काढायचे. तीही काढायची. वही ओल्या हातानं धरायची नाही हा सासऱ्यांचा नियम तिनं इतका पाळला होता, की तिच्या पदराच्या एका टोकाला कायम शाईचा डाग असायचा.

नवऱ्याला गाव तोफवाला म्हणायचं, आणि ते काही प्रेमानं नव्हे.

आधी तो दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचा. खाण बंद पडली तोवर त्याचा एक कान पुरता गेला होता आणि दुसरा अर्धा. दोन वर्षांपूर्वी टेकडीखालच्या द्राक्षबागेच्या मालकानं गारा फोडायची तोफ आणली. माणसाच्या तिप्पट उंचीचा लोखंडी कर्णा, तोंड आभाळाकडे, खाली गॅसच्या टाक्या. ढग दाटले की ती दर सात सेकंदांनी वाजायची. त्या दणक्यानं ढगातली गार गोठायच्या आधीच मोडते, असं विकणाऱ्यानं मालकाला सांगितलं होतं. तोफ चालवायला मालकाला असा माणूस हवा होता, ज्याचे कान जायचे ते आधीच गेलेत. नवऱ्याला काम लागलं. घरात दोन वर्षं नियमित पगार आला, छपराचे फुटके पत्रे बदलले, सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

आणि त्याच दोन वर्षांत गावावरचा पाऊस अर्धा झाला.

ही काही कुणी उठवलेली आवई नव्हती. तिच्याच वहीत होतं. आधीच्या वर्षांचे आकडे आणि या दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की आंधळ्यालाही दिसावं. विहिरी खाली गेल्या, टेकडीवरचं गवत खुरटलं, असं ज्याचं त्याचं म्हणणं होतंच. पण वही म्हणजे कागद. गिरणीवाल्यानं ती मागून घेतली, आकडे उतरवून काढले आणि दीडशे सह्यांचा अर्ज कचेरीत दिला, की या तोफेनं ढग पळून जातात, ती बंद करावी. गिरणीवाला मोठा माणूस. म्हणजे आवाजानं. गिरणीच्या घरघरीत उभं आयुष्य गेल्यामुळे तो देवासमोर उभा राहिला तरी ओरडूनच बोलायचा.

तेव्हापासून गाव तिच्या नवऱ्याला पाण्यात पाहायला लागलं. न्हाव्याकडे तो गेला की न्हावी त्याच्यानंतर आलेल्या दोघांना आधी बसवायचा. एकदा तर अर्धी दाढी करून न्हावी चहाला गेला तो परत येईना. शेवटी तशाच तोंडानं नवरा घरी आला आणि काही न बोलता आरशासमोर बसला. तिचं दळण गिरणीत रांगेच्या शेवटी सरकवलं जायचं. गंमत अशी, की तिच्या वहीवर सगळ्यांचा भरवसा, आणि तिच्या पिशवीला मात्र पुढं जागा नाही. ती चिडायची, पण बोलायची कुणाला? आकडे तिचेच होते.

नवरा मात्र रोज सकाळी बागेत एक फेरी मारून तिथला आकडा घेऊन यायचा. बागेत मालकानं पाऊस मोजायचं आपोआप चालणारं यंत्र बसवलं होतं.

"आमच्याकडे अठरा," तो म्हणायचा.

"इथं नऊ."

"काय?"

"नऊ! नऊ!" तिला घरात प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची, आणि दुसऱ्यांदा सांगताना ती भांडल्यासारखीच वाटायची. "तुमचं यंत्र मालकाचं मीठ खातं. मालकाला पाहिजे तेच दाखवणार ते."

"यंत्र कशाला मीठ खाईल?"

"मग इथून तिथं दोन हाकांचं अंतर, आणि पाऊस बरोबर दुप्पट? बागेवर आभाळ काय वेगळं आहे?"

यावर तो मान हलवायचा आणि डबा उचलून निघून जायचा. ऐकू आलं नाही की पटलं नाही, हे तिला लग्नाला अठरा वर्षं झाली तरी ओळखता यायचं नाही.

शुक्रवारी शाळेच्या खोलीत सुनावणी होती. कचेरीतून साहेब येणार, दोन्ही बाजू ऐकणार आणि निकाल देणार. मापवालीनं मूळ वही घेऊन हजर राहावं, असं पत्र आलं होतं. निकाल तोफेच्या विरोधात गेला तर घरातला पगार जाणार, हे तिला ठाऊक होतं. तरी ती मनाशी म्हणत होती, मी काय करू? पडला तेवढा लिहिला.

मंगळवारी दुपारी पाऊस आला. आधी तोफ सुरू झाली, दर सात सेकंदांनी भिंतीवरची भांडी थरथरू लागली, सासू प्रत्येक दणक्याला कुणाच्या तरी नावानं बोटं मोडू लागली. मग टपोरे थेंब आले आणि तासभर चांगला झोडपून गेला. बुधवारी सकाळी तिनं ग्लासात पाणी ओतलं. बारा मिलिमीटर. शाई वाळवून ती वळली आणि तिचा पाय अंगणाच्या मधोमध ठेवलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला लागला. सासूनं सोमवारी तो धुऊन उन्हात वाळत ठेवला होता आणि अर्थातच विसरली होती. डब्यात पाणी होतं.

"आई, हा डबा इथंच ठेवलात होय?"

"मला काय ठाऊक पाऊस येणार ते? मोजायचं काम तुझं."

ती पाणी फेकणार होती. पण डबा सरळ भिंतींचा होता, तळ सपाट, आणि आत पाणी जरा जास्तच दिसत होतं. तिनं घरातून पट्टी आणली. पट्टीच्या टोकाशी आकडा सुरू होण्याआधी जरासा कोरा भाग असतो, तो तिनं हिशेबात धरला. चोवीस मिलिमीटर. तिनं पट्टी पुसली आणि दुसऱ्या कोपऱ्यात उभी केली. चोवीस. छपराची पन्हाळ डब्यापासून दूर होती, वर झाड नव्हतं, आणि डब्यात कुणी पाणी ओतलेलंही नव्हतं.

तेवढ्यात नवरा रात्रपाळीची टेहळणी आटोपून आला आणि दारातूनच म्हणाला, "आमच्याकडे चोवीस."

तिनं पट्टी खाली ठेवली.

तिनं मापाचा ग्लास उचलून उलटा केला. बुडाशी काचेत बारीक आकडा कोरलेला होता, दोनशे. हा आकडा तिनं पूर्वी पाहिला होता आणि ग्लासचा नंबर असेल असं समजून सोडून दिला होता. मग ती कुंपणात जाऊन गुडघ्यांवर बसली आणि नरसाळ्याचा पितळी काठ पदरानं घासला. हिरवट थराखालून तोंडाच्या मापाचा आकडा निघाला, शंभर. लहान तोंडाच्या नरसाळ्याला लहान ग्लास, मोठ्याला मोठा. हिचं नरसाळं लहान आणि ग्लास मोठ्याचा. म्हणजे जो पाऊस पडेल तो वाचताना अर्धा. पूर्वी जोराच्या पावसात चार-चार वेळा ग्लास भरायचा, अलीकडे दोनदाच भरतो, हेही तिला जाणवलं होतं. पण तेव्हा ती म्हणाली होती, बघा, पाऊसच राहिला नाही.

"हा ग्लास तुम्ही आणला होतात," ती म्हणाली.

"काय?"

"ग्लास! जुना तुमच्या हातून फुटला, तेव्हा हा कुठून आणलात?"

"कचेरीतून. सांगितलं होतं की तुला."

"खरं सांगा."

तो ओट्यावर बसला. एवढ्या मोठ्या दणक्यांत काम करणारा माणूस, पण बायकोच्या हलक्या आवाजाला भ्यायचा. मग त्यानं सांगितलं. तोफेवर नुकताच लागला होता तेव्हाची गोष्ट, पहिला पगार हातात. कचेरीत गेला तर भांडारवाला जेवायला गेलेला. दोन तास थांबला. मग समोरच शाळा-कॉलेजांना काचेचं सामान विकणारं दुकान दिसलं. तिथं पावसाचा ग्लास मागितला.

"दुकानदारानं विचारलं, शंभरचा की दोनशेचा? मला वाटलं किंमत विचारतोय. म्हटलं, स्वस्तातला कशाला न्यायचा, बायको माप घेते, चांगला असू दे. दोनशेचा घेतला." त्यानं कान चोळला. "त्यानं पैसे वेगळेच सांगितले, तेव्हा मला जरा चमत्कारिक वाटलं होतं. पण ऐकण्यात चूक झाली असेल म्हटलं."

तिला हसावं की रडावं कळेना. रागानं तिचे कान तापले होते, आणि त्या रागात कुठंतरी हेही होतं, की या माणसानं पहिल्या पगारातून तिच्यासाठी महागातला म्हणून काहीतरी आणलं होतं. ते आठवून राग आणखीच वाढला. दोन वर्षं गावानं ज्याच्यासाठी आभाळाकडे पाहून शिव्या घातल्या, न्हाव्यानं दाढ्या अर्ध्या सोडल्या, दीडशे माणसांनी सह्या केल्या, तो अर्धा पाऊस तोफेनं पळवलाच नव्हता. तो या ग्लासात बुडाला होता.

नवऱ्याच्या ध्यानात मात्र भलतंच आलं. त्याचा चेहरा उजळला. "अगं, मग तोफ वाचली की! शुक्रवारी सांग ना हे."

"आणि कोण विश्वास ठेवेल? नवऱ्याच्या नोकरीसाठी बायको फिरली, असं म्हणतील. दोन दिवस आधी बरा सापडला म्हणतील ग्लास."

"मग सांगू नकोस."

"मग खोटे आकडे घेऊन उभी राहू?"

"तू काय करायचं ते कर बाई," तो वैतागून म्हणाला. "बोललीस तर गाव तुझ्या नावानं ओरडणार, नाही बोललीस तर माझी नोकरी जाणार. मला विचारतेस कशाला?"

सासू आतून म्हणाली, की तिच्या नवऱ्यानं बत्तीस वर्षांत एक ग्लास फोडला नाही. हे बोलायची ती वेळ नव्हती, पण सासूला वेळेचं वावडं आहे हे वर आलंच आहे.

शुक्रवारी शाळेची खोली भरली. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली. साहेब पन्नाशीचे, सर्दीनं बेजार, दर दोन वाक्यांनी नाक पुसणारे. एका बाजूला बागेचा मालक इस्त्रीच्या कपड्यांत, दुसऱ्या बाजूला गिरणीवाला भुवयांवर पीठ घेऊन.

गिरणीवाल्यानं मुद्दा चांगला मांडला. लोक विमानातून मीठ फवारून पाऊस पाडतात, असं पेपरात येतं. माणसाला पाऊस पाडता येत असेल तर घालवता का येणार नाही? साहेब म्हणाले, पाडता येतो की नाही आणि किती, यावर शिकलेल्या माणसांचीच अजून भांडणं चालू आहेत. गिरणीवाला म्हणाला, म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही. साहेब म्हणाले, नाही. खोलीत एकदम कुजबुज झाली. साहेब लोकांनी असं कबूल करायचं नसतं.

मग त्यांनी वही मागितली. मापवाली उभी राहिली. तिनं टेबलावर वही ठेवली, शेजारी ग्लास, नरसाळं, बिस्किटांचा डबा आणि पट्टी. तिनं काही गाळलं नाही. दुकान सांगितलं, शंभर-दोनशे सांगितलं, जुना ग्लास नवऱ्याच्या हातून फुटला हेही सांगितलं. या नरसाळ्यात चोवीस मिलिमीटरला जेवढं पाणी जमतं, तेवढं तांब्यातून सगळ्यांसमोर ग्लासात ओतून बाराच दिसतात हे दाखवलं. साहेबांनी ग्लास उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि पहिलीतल्या मुलासारखे आकडे पुटपुटत वहीची चार पानं तपासली.

"दुप्पट करून पाहिलं तर पाऊस नेहमीसारखाच आहे," ते म्हणाले. "थोडा कमी. पण तसा कमी पूर्वीही झालाय. तोफ नव्हती तेव्हा."

"नवऱ्याची बाजू घेतली!" कुणीतरी मागून म्हणालं. गिरणीवाल्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं दळणात खडा निघावा. ती खाली मान घालून उभी राहिली. हे होणार हे ठाऊक असूनही ते लागलंच. नवरा दाराशी उभा होता; सगळं ऐकू आलं नसलं तरी मालक हसतोय एवढं त्याला दिसत होतं, आणि तोही हसत होता.

मालक उठून साहेबांचे आभार मानणार, तेवढ्यात साहेबांनी पुन्हा नाक पुसलं आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे गोल कसले?"

खोलीत फक्त तिलाच त्याचा अर्थ ठाऊक होता. तिनं दाराकडे पाहिलं. नवरा अजून हसत होता. फार मोठं खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. गोल काढायची रीत सासऱ्यांची, मला अर्थ माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. छपराचे पत्रे तिच्या डोळ्यांपुढे आले. मग तिला स्वतःचाच संताप आला, की ग्लासचं खरं सांगताना तोंड उघडलं ना, मग आता का चिकटतंय?

"गारांचे आहेत," ती म्हणाली. "ज्या दिवशी गारा पडल्या, त्या दिवशी गोल. त्याला ग्लास लागत नाही. डोळ्यांनी पाहून काढलेत."

साहेबांनी मोजले. तोफेआधीच्या दोन वर्षांत सात, तोफेनंतरच्या दोन वर्षांत आठ.

"म्हणजे ही तोफ पाऊस घालवत नाही," साहेब थकून म्हणाले, "आणि गाराही फोडत नाही. नुसती वाजते." त्यांनी अर्ज निकाली काढला. वहीतलं काही खोडायचं नाही, फक्त शेऱ्यात 'या दोन वर्षांचे आकडे दुप्पट धरावेत' असं लिहायचं, असं तिला बजावलं, आणि सर्दीचं काही औषध मिळेल का असं शिपायाला विचारलं.

मालकाचं हसू तिथंच विरलं. पुढच्या आठवड्यात त्यानं तोफ भंगारात काढली आणि बागेवर गारांसाठी जाळी टाकायचं ठरवलं. जाळीला राखणदार लागत नाही. नवऱ्याला खांबांचे खड्डे खणायचं काम मिळालं, तेही महिनाभराचं.

शुक्रवारी सुनावणीहून घरी येताना वाटेत नवरा एकच वाक्य बोलला होता. "एक खरं पुरलं असतं गं." तिला त्याची कीव आली आणि त्याच्याहून जास्त स्वतःची.

शहरातून योग्य ग्लास आणायला नवराच गेला, हट्टानं. या वेळी त्यानं कागदावर लिहून नेलं होतं. पुढच्या महिन्यात पाऊस नेहमीसारखा पडला आणि तिनं नेहमीसारखा लिहिला. बावीस. एकोणतीस. सतरा.

मग एक दिवस ती दळण घेऊन गिरणीत गेली. रांग होती. गिरणीवाल्यानं तिची पिशवी उचलली आणि सरळ सगळ्यांच्या पुढं ठेवली.

"वही पाहिली मी!" तो घरघरीवर ओरडला. "तोफ गेली आणि पाऊस दुप्पट झाला! मी म्हणत नव्हतो?"

"अहो, दुप्पट नाही झाला. ग्लास बदलला. शेऱ्यात लिहिलंय ना मी."

"काय?"

"पाऊस तेवढाच आहे! ग्लास!"

"हो, हो, दुप्पट!" तो खुशीनं मान हलवत म्हणाला. "तूच घालवलीस तोफ. गाव विसरणार नाही." रांगेतल्या बायकांनीही माना डोलावल्या. एकीनं तिचा दंड प्रेमानं दाबला. शेरा कोण वाचतं?

पिठाची गरम पिशवी छातीशी धरून ती घरी आली. नवरा ओट्यावर हातांचे फोड पाहत बसला होता. काय झालं म्हणून त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, दोनदा. दुसऱ्यांदा सांगताना ती खरंच ओरडत होती.

तो मान वर करून तिच्याकडे पाहू लागला. मग हळूहळू हसू लागला, सुनावणीनंतर पहिल्यांदाच.

"म्हणजे दोन वर्षं गावाचा पाऊस मीच अर्धा केला," तो म्हणाला, "आणि आता मीच दुप्पट करून दिला. तोफेनं काही केलं नाही, आणि नोकरी तोफेची गेली."

तिलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा ती पिशवी ठेवायच्या निमित्तानं आत वळली. आतून तिला खिडकीच्या फळीवर त्याचा हात सरकताना दिसला. नव्या ग्लासवर पाण्याचे डाग दिसत होते, तो पुसून ठेवावा असं त्याच्या मनात आलं असावं.

"अहो," ती म्हणाली, "त्याला हात लावू नका."

हे मात्र त्याला पहिल्याच खेपेला ऐकू आलं.